फॉरमॅट मारण्यापूर्वी

घरातला संगणक रेंगाळू लागला, की आपल्याकडे एक ठरलेला सल्ला मिळतो : ‘फॉरमॅट मारून टाका!’ सल्ला देणारा कधी कोपऱ्यावरचा दुकानदार असतो, तर कधी महाविद्यालयात जाणारा चुलतभाऊ. यंत्राकडे पाच मिनिटे नीट पाहण्याचीही गरज त्याला वाटत नाही. हार्ड डिस्क पुसायची, विंडोज नव्याने भरायचे, की संगणक पुन्हा पळू लागतो. मग तक्रार कसली?

तक्रार आहे, आणि ती विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तरी केलीच पाहिजे. फॉरमॅट केल्याने बिघाड जातो हे खरे. पण त्याच्याबरोबर बिघाडाचे कारण सांगणारा सगळा पुरावाही पुसला जातो. कारणच न कळल्यामुळे तोच बिघाड चार महिन्यांनी पुन्हा दारात उभा राहतो. शिवाय संगणकात साठवलेले एखाद्याचे अनेक वर्षांचे काम त्या एका आज्ञेने नाहीसे होऊ शकते, ते वेगळेच.

माझे मत असे, की घरच्या संगणकातील दोष शोधणे हा शाळेच्या प्रयोगशाळेत शोभेल असा प्रयोग आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला तो करता येतो आणि करता यायला हवा. हे मत मांडण्यासाठी मी एकच बिघाड निवडतो. तो घरोघरी आढळतो आणि बहुधा ओळखला जात नाही. तो म्हणजे एकाच संगणकावर नांदणारे दोन अँटिव्हायरस.

पहारेकरी काय करतो?

१९८६ साली लाहोरमधील बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ नावाची एक आज्ञावली लिहिली. आयबीएम धर्तीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीच्या अगदी आरंभीच्या भागात ठाण मांडत असे आणि फ्लॉपीबरोबर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जात असे. असे व्हायरस वाढू लागले तसे त्यांना हुडकणाऱ्या आज्ञावल्याही लिहिल्या जाऊ लागल्या. आपल्या पुण्यातही १९९०च्या दशकात हे घडले. कैलास काटकर हे कॅलक्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडत, म्हणून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या. त्यातूनच पुढे ‘क्विक हील’ उभे राहिले. यंत्र का बिघडले, हा प्रश्न चिकाटीने विचारला तर काय घडू शकते याचे हे घरचे उदाहरण आहे.

अँटिव्हायरस मुख्यत्वे दोन रीतींनी काम करतो. पहिली रीत खुणा जुळवण्याची. ठाऊक असलेल्या व्हायरसांच्या विशिष्ट खुणांचा एक संग्रह त्याच्याजवळ असतो आणि प्रत्येक फाइल त्या संग्रहाशी ताडून पाहिली जाते. दुसरी रीत वर्तनावर नजर ठेवण्याची. एखादी आज्ञावली अचानक शेकडो फाइली बदलू लागली, तर तिचा संशय घेतला जातो.

यातला महत्त्वाचा भाग असा, की तुम्ही एखादी फाइल उघडता तेव्हा तुमची मागणी विंडोजच्या गाभ्यातून जाते. अँटिव्हायरस तेथेच, त्या वाटेवर बसलेला असतो. तो मागणी क्षणभर थांबवतो, फाइल तपासतो आणि मगच पुढे सोडतो. संगणकात इतक्या खोलवर बसण्याची मुभा फार थोड्या आज्ञावल्यांना असते.

एका दारात दोन पहारेकरी

आता त्याच वाटेवर दुसराही पहारेकरी बसवला तर? पहिल्याने तपासण्यासाठी फाइल उघडली, की दुसऱ्याला दिसते ते एवढेच, की कोणीतरी फाइल उघडत आहे. तो तपासणी सुरू करतो. त्याने आपल्या कामासाठी एखादी तात्पुरती फाइल लिहिली, तर ती पहिल्याला तपासावीशी वाटते. शाळेच्या संमेलनात मायक्रोफोन कर्ण्यासमोर आला म्हणजे कसा कर्कश आवाज घुमतो, हे तुम्ही ऐकले असेल. कर्ण्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये, तेथून वाढून पुन्हा कर्ण्यात, असे ते चक्र असते. येथेही काहीसे तसेच होऊ शकते. हे टाळण्याची काळजी अँटिव्हायरस करणारे घेतात. पण प्रत्येक जोडीच्या बाबतीत ती पुरी पडेलच असे नाही.

भांडणाची आणखीही कारणे आहेत. एकाने व्हायरस पकडून आपल्या कोठडीत ठेवला, तर दुसऱ्याला तो त्या कोठडीत ‘सापडू’ शकतो. एकाच्या संग्रहातील व्हायरसच्या खुणा दुसऱ्याला खरा व्हायरस वाटू शकतात. काही अँटिव्हायरस बँकेसारख्या सुरक्षित संकेतस्थळांची वाहतूकही मध्ये बसून तपासतात आणि त्यासाठी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करतात. अशी दोन मध्यस्थ मंडळी जमली, की संकेतस्थळ उघडण्यास ब्राउझर नकार देऊ शकतो. मग घरातले लोक बँकेला दोष देत बसतात.

संगणक मंदावतो तो का, याचा थोडा हिशेब करून पाहू. जुन्या संगणकातील हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचक-टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. टोक योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी साधारण ९ मिलिसेकंद धरा. एकूण झाले १३ मिलिसेकंद. विखुरलेल्या जागा वाचायच्या असतील, तर सेकंदाला जेमतेम ७५ वाचने होतात आणि अशा १०,००० वाचनांना दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. दोन तपासनीस त्या एकाच टोकाला वेगवेगळ्या दिशांना खेचू लागले, तर ओळीने होऊ शकणारी वाचनेही विखुरली जातात. वेळ नुसता दुप्पट होत नाही, कितीतरी पट वाढू शकतो. नव्या संगणकांतील एसएसडीमध्ये फिरणारी चकती आणि हलणारे टोक नसते, म्हणून तेथे हा त्रास पुष्कळ कमी जाणवतो. बाकीची भांडणे मात्र तशीच राहतात.

सुरक्षितता दुप्पट होते का?

‘वेळ लागला तरी चालेल, पण दोन असले म्हणजे सुरक्षितता दुप्पट,’ असे पुष्कळांना वाटते. गणिताने पाहू. समजा, प्रत्येक अँटिव्हायरस १००पैकी ५ व्हायरस ओळखत नाही. दोघेही परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र असतील, तर दोघांच्याही नजरेतून निसटण्याची शक्यता ०.०५ गुणिले ०.०५, म्हणजे ४००त १ एवढीच उरेल. हिशेब मोहक आहे. पण त्यातील ‘स्वतंत्र’ हे गृहीतकच लंगडे आहे. जो व्हायरस काल रात्री लिहिला गेला, तो दोघांनाही सारखाच अनोळखी असतो. एकाला जो कठीण, तोच बहुधा दुसऱ्यालाही कठीण.

उलट खोट्या इशाऱ्यांची मात्र बेरीज होते. निरुपद्रवी फाइलला व्हायरस समजण्याची चूक प्रत्येकाकडून हजारात एकदा होत असेल, तर दोघांकडून मिळून ती हजारात जवळजवळ दोनदा होईल. म्हणजे लाभ वाटतो त्याहून कमी आणि त्रास दुप्पट.

विंडोज १० व ११ मध्ये ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस मुळातच असतो. आपण बाहेरचा अँटिव्हायरस घातला आणि त्याने विंडोजकडे रीतसर नोंद केली, की डिफेंडर आपला सततचा पहारा थांबवतो. बाहेरचा काढला, की तो पुन्हा उभा राहतो. दोघांनी एकाच वेळी पहारा करू नये, हे तत्त्व विंडोज करणाऱ्यांनीही मानले आहे, हे यावरून दिसते. पण बाहेरचेच दोन घातले तर विंडोज त्यांना अडवत नाही. बहुतेक घरांतला घोटाळा तो हाच.

मामांची पावसाची नोंद

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कोकणातील माझ्या मामांच्या संगणकावर हाच प्रसंग आला होता. मामा निवृत्त शिक्षक. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खात्याच्या वेळेला, ते अंगणातल्या पर्जन्यमापकातले पाणी मोजतात. पूर्वी ते आकडे वहीत लिहीत. अलीकडील सहा वर्षांच्या नोंदी फक्त संगणकात होत्या. संगणक सुरू व्हायला पंधरा मिनिटे घेऊ लागला, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने दुकानात उभ्याउभ्याच ‘फॉरमॅट करावे लागेल’ असे सांगितले. मामांनी विचारले, “आणि माझा पाऊस?” त्याला या प्रश्नाचा अर्थच कळला नाही.

मी पहिले काम केले ते सहा वर्षांच्या नोंदी पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याचे. दुसरे काम एक कोरी वही घेण्याचे. मामा थोडे अधीर झाले होते. “अरे, वही कसली भरतोस? आधी ते यंत्र उघड!” मी म्हटले, “मामा, तुम्ही आकाशाकडे बघून पावसाचा अंदाज लिहिता का? मोजूनच लिहिता ना?” त्यावर ते हसले आणि स्वतःच घड्याळ घेऊन बसले.

आम्ही एक राशी ठरवली : बटण दाबल्यापासून पावसाच्या नोंदींची फाइल उघडेपर्यंतचा वेळ. तीन वाचने घेतली : १३ मिनिटे ४० सेकंद, १२ मिनिटे ५० सेकंद आणि १४ मिनिटे १० सेकंद. सरासरी १३ मिनिटे ३३ सेकंद. मग संशयितांची यादी केली. हार्ड डिस्क खराब होत आहे, व्हायरस शिरला आहे, किंवा अँटिव्हायरसांचे भांडण आहे. शेवटचा संशय आला तो विंडोजच्या सुरक्षा-विभागातील यादीमुळे. तेथे दोन नावे होती. एक, मामांच्या मुलाने विकत घेऊन दिलेला. त्याला आपण ‘क’ म्हणू. दुसरा ‘ख’, फुकट मिळणारा. तो कोणी घातला हे मामांना ठाऊक नव्हते. दुसरी एखादी आज्ञावली भरताना, आधीच खूण केलेल्या चौकटीतून असे पाहुणे आत येतात.

प्रथम संगणक सेफ मोडमध्ये सुरू केला. यात विंडोज अत्यावश्यक तेवढेच भाग चालवते आणि बाहेरचे अँटिव्हायरस सहसा जागे होत नाहीत. फाइल तीन मिनिटांत उघडली. डिस्क खराब असती, तर ती येथेही अडखळली असती. तो संशय दुबळा झाला. मग ‘ख’ काढून टाकला. वेळ आला ४ मिनिटे १० सेकंद.

येथे थांबण्याचा मोह होतो. मामा तर म्हणालेच, “सापडला चोर!” पण पुरावा पुरेसा होता का? ‘ख’ हा मुळातच जड असेल, तरी त्याला काढल्यावर वेळ कमी होणारच. भांडण होते हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून ‘क’ची परवान्याची संख्या वहीत लिहून घेतली आणि तोही काढला. आता डिफेंडर एकटाच पहाऱ्यावर होता. त्याच्याकडून पूर्ण तपासणी करून घेतली. व्हायरस मिळाला नाही. मग फक्त ‘ख’ पुन्हा घातला. चारही अवस्थांतील वेळ असे :

दोन्ही नाहीत : ३ मिनिटे २० सेकंद
फक्त ‘क’ : ४ मिनिटे १० सेकंद
फक्त ‘ख’ : ४ मिनिटे ३० सेकंद
दोन्ही एकत्र : १३ मिनिटे ३३ सेकंद

आता आकडे बोलू लागले. ‘क’मुळे ५० सेकंद वाढतात, ‘ख’मुळे ७०. दोघे आपापले काम मुकाट्याने करीत असते, तर एकत्र असताना ५ मिनिटे २० सेकंद लागायला हवे होते. उरलेली ८ मिनिटे १३ सेकंद ना ‘क’ची, ना ‘ख’ची, ती त्या दोघांमधल्या झगड्याची. एकेकट्याची कितीही परीक्षा घेतली असती, तरी हा दोष दिसला नसता. शेवटी ‘ख’ कायमचा काढला आणि ‘क’ परत घातला, कारण त्याची मुदत शिल्लक होती. मामांच्या सहा वर्षांच्या पावसातला एक मिलिमीटरही सांडला नाही.

पहारेकरीही चुकतो

अँटिव्हायरस इतक्या खोलवर बसलेला असल्यामुळे त्याची लहानशी चूकही मोठी ठरते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या एका नव्या खुणा-संग्रहाने विंडोज एक्सपीतील एका अत्यावश्यक फाइललाच व्हायरस ठरवले आणि असंख्य संगणक पुन्हापुन्हा बंद-सुरू होऊ लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीला सदोष माहिती पुरवली गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक त्यामुळे कोलमडले आणि जगभर विमाने खोळंबली. पुढे कारण सापडले ते इतके साधे, की थक्क व्हावे. एका ठिकाणी २१ नोंदी अपेक्षित होत्या आणि प्रत्यक्षात २०च दिल्या गेल्या होत्या. नसलेली एकविसावी नोंद वाचण्याच्या प्रयत्नात यंत्र कोसळले.

या घटनेतला एक तपशील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. त्या संगणकांवरील उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाइल काढून टाकणे. कारण कळले, म्हणून लाखो डिस्का पुसण्याची पाळी आली नाही.

याचा अर्थ फॉरमॅट कधीच करू नये असा मात्र नाही. एखाद्या व्हायरसने विंडोजच्या गाभ्यात मूळ धरले असेल आणि यंत्रावर विश्वासच ठेवता येत नसेल, तर माहितीची प्रत घेऊन सर्व नव्याने भरणे हेच शहाणपणाचे. दुकानदाराची बाजूही समजून घ्यायला हवी. त्याच्याकडे दिवसाला दहा यंत्रे येतात; प्रत्येकाची चार अवस्थांत परीक्षा घ्यायला त्याला वेळ कोठून मिळणार? वेळ असतो तो घरच्या माणसाकडे. म्हणूनच हे काम मी विद्यार्थ्यांकडे सोपवू पाहतो.

शाळेत काय करता येईल?

शाळेच्या संगणक-तासाला आज बहुधा पत्र कसे टंकावे आणि तक्ता कसा आखावा हे शिकवतात. ते हवेच. पण वर्षातून दोन तास तरी शिक्षकांनी मुद्दाम बिघडवलेला संगणक वर्गापुढे ठेवावा, असे मला वाटते. छापयंत्राची तार सैल करा, घड्याळाची तारीख मागे न्या, आणि मुलांना कारण शोधू द्या. गुण द्यावेत ते यंत्र सुरू केल्याबद्दल कमी आणि वहीतल्या नोंदींबद्दल जास्त. साधा लंबक मोजताना लांबी बदलायची असेल, तर वजन तेच ठेवतो, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. तोच नियम घरच्या यंत्राला लावायचा आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आणि विद्यार्थी मित्रहो, आजी, काका किंवा मावशी यांचा संगणक तुमच्या हाती आला, तर एवढे पाळा :

१. आधी विचारा, मग हात लावा. सर्वांत मोलाची फाइल कोणती, हे त्यांच्याकडून ऐका आणि प्रथम तिची प्रत घ्या.

२. लक्षण मोजता येईल असे ठरवा. ‘फार हळू’ हे वाचन नव्हे. ‘१३ मिनिटे’ हे वाचन.

३. एका वेळी एकच बदल करा. प्रत्येक बदलानंतर यंत्र पुन्हा सुरू करून मोजा.

४. अँटिव्हायरस काढताना इंटरनेट बंद ठेवा. त्याचे अवशेष मागे राहिले, तर ते काढणारे साधन त्याच कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, इतर कोठूनही नको. शेवटी एक पहारेकरी नक्की जागा आहे, हे पाहूनच उठा.

५. काय केले ते सोप्या मराठीत लिहून संगणकाशेजारी ठेवा. दुसऱ्यांच्या खासगी फाइली उघडू नका आणि त्यांच्या अज्ञानाला हसू नका.

शेवटची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘तुम्हाला काही कळत नाही, तुम्ही हात लावू नका,’ असे घरच्या मुलाकडून ऐकलेली वडील माणसे पुढे खरोखरच हात लावीनाशी होतात आणि प्रत्येक लहान अडचणीसाठी परक्यावर विसंबून राहतात. त्यांना घड्याळ हाती देऊन शेजारी बसवले, तर तीच माणसे उत्तम सहकारी ठरतात. ज्याने चाळीस वर्षे फळ्यावर गणिते सोडवली किंवा दुकानाचा जमाखर्च मांडला, त्याला चार अवस्थांचा तक्ता समजायला वेळ लागत नाही.

येत्या सुट्टीत असा एखादा संगणक तुमच्यासमोर येईलच. कोणी ‘फॉरमॅट मारा’ म्हणेल, तेव्हा त्याला शांतपणे विचारा, “बिघाड नेमका कशामुळे आहे?” उत्तर मिळाले नाही, तर वही काढा आणि पहिले वाचन घ्या.